मधला डबा काढल्यावर

५ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाला, आजी, रोजचं बीपी लिहून ठेवत जा. मी म्हटलं, लिहिता आलं असतं तर बीपी कशाला वाढलं असतं. मग सुनेला, राजेश्वरीला, कामाला लावलं. ती आकडा लिहायची आणि वही मिटायची. आकड्यानं पानाचा कोपरासुद्धा भरेना. एवढा कोरा कागद वाया जाताना मला बघवेना, म्हणून आता मी सांगते आणि ती लिहिते. मी ‘न्हाय’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, कुणी शिकलेली बाई घरात शिरून माझंच गाऱ्हाणं मला सांगतेय.

आजचं गाऱ्हाणं माझ्या मुलाचं, विरेशचं. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. दिवसभर मागांच्या शेडमध्ये खडखडाट ऐकतो आणि घरी येऊन तो खडखडाट धुऊन काढायला गाणी लावतो. कुणाचा मुलगा दारू पितो, माझा गाणी पितो. तोंडाला वास येत नाही एवढंच.

दिवाळीला त्यानं नवा डबा आणला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, समोर निळे आकडे पेटतात. त्याला डॅक म्हणतात. मी विचारलं, हा काय करतो रे? म्हणाला, “अव्वा, मोबाईलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. ते ह्यात गेले की गाणं होऊन बाहेर पडतात.” तिथून गाणं जातं मधल्या डब्यात. तो प्रीअँप. तिथं बटणं असतात, लहान-मोठं, जाड-बारीक, डावं-उजवं. तिथून मोठ्या डब्यात, तो पॉवर अँप, ताकद देतो, आणि मग दोन्ही स्पीकर. एका गाण्याला इतकी घरं फिरवून आणायचं. आमच्यात मुलगी दाखवायलाही इतकं फिरवत नाहीत.

मधला डबा गुरप्पानं बनवून दिलेला आहे. गुरप्पा रेडिओ दुरुस्त करायचा, आता तो नाही. सागवानाची पेटी, पुढं मोठी बटणं, मला आवडते. फडकं मारताना मी सगळी बटणं नीट उभी करून ठेवते. विरेश संध्याकाळी येतो आणि त्यातली दोन पार उजवीकडं मुरगाळून टाकतो. वर मलाच ओरडतो, “अव्वा, हात लावू नको म्हणून किती येळा सांगायचं?” मी पुसायचं, त्यानं मुरगाळायचं. असं वर्षानुवर्षं चाललंय.

१० नोव्हेंबर, रविवार

आज अभिमन्यू आला होता. विरेशच्याच कारखान्यातला, मूळचा जेऊरचा. ह्या डब्यांचं वेड दोघांनाही एकदम लागलं, गोवर लागतो तसं. बरोबर आणखी दोघं होते.

अभिमन्यू म्हणाला, “आण्णा, डॅकलाच आवाजाचं बटण हाय की. मग मधी ह्यो कशाला ठेवलाय? जितके डबे कमी तितका आवाज साफ. डॅकच प्रीअँप म्हणून वापरा, थेट पॉवर अँपला जोडा.”

विरेशनं थोडे आढेवेढे घेतले. शेवटी गुरप्पाची पेटी काढली आणि कपाटावर ठेवली. वायर थेट जोडली. गाणं लावलं. ते तिघं एकमेकांकडं बघून मान डोलवायला लागले. मला कळत नाही, पण मलासुद्धा बाईच्या बांगड्या वाजल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं.

विरेश मात्र कपाळाला आठ्या घालून बसला. “मेल्यागत वाजतंय,” म्हणाला. “उजवीकडून तर कायच न्हाय.”

मला राहवेना. मी म्हटलं, “ह्याच्या बापानं एकच बायको केली आणि जन्मभर मुकाट ऐकलं. ह्यानं इतके डबे केले, तरी ह्याला ऐकू येईना.”

सगळे हसले. विरेशचं तोंड मात्र उतरलं. उतरलं म्हणजे, घागर विहिरीत सुटावी तसं खाली गेलं. मी कधीपासून त्याची चेष्टा करते, मांडीवर थाप मारून पहिल्यांदा हसतो तो हाच. आज पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

माझ्याशी बोलत नाही. सकाळी डबा भरताना विचारलं, शेंगा चटणी घालू का? उत्तर नाही. चपला घालून गेला.

मी म्हटलं, असू दे. दोन दिवस रुसेल. माझ्याच पोटचा आहे, रुसवा कुठून आणला ते मला माहीत आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाणी यायचा दिवस. आमच्याकडं पाणी पाहुण्यासारखं येतं, चार-पाच दिवसांनी, आणि आलं की सगळं सोडून त्याच्या मागं धावायचं. राजेश्वरी बाजारात गेली होती. विरेशला सुट्टी, खुर्चीत बसलेला, गाणंही बंद होतं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “विरू, टाकी भरली, मोटार बंद कर.” एकदा, दोनदा. गुडघे धरत उठेपर्यंत टाकी वाहून जिन्यावरून पाणी रस्त्यावर गेलं. शेजारच्या सावित्रम्मा बाहेर येऊन बघत होत्या. म्हणाल्या, “शिवम्मा, तुमच्याकडं धरण फुटलं काय?”

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर केली, पाणी बघितलं आणि धावला. फक्त म्हणाला, “हाक मारायची न्हाय का अव्वा?”

आता ह्याला काय म्हणायचं. मला रडू आलं. एका चेष्टेवर एवढं? आई म्हणून इतकी वर्षं काढली, त्याचा एवढाही भरवसा नाही का?

राजेश्वरीला सांगितलं तर तिनं माझ्याकडं न बघता भाजी निवडली. म्हणाली, “अत्ती, तुमी मनाला लावून घेऊ नका.” आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. सुना कशाही असोत, म्हणताना गोड लागतं. आज तेही गोड लागलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

अभिमन्यू परत आला, एकटाच. विरेशनं बोलावलं होतं. दोन आठवडे हा त्या डॅकला शिव्या देतोय. वायर बदलल्या, भिंतीवर गोधडी टांगली, स्पीकर पुढं ओढले, मागं ढकलले. आवाज कायम वरच्या आकड्यावर. मी म्हटलं, कमी कर की. राजेश्वरीकरवी निरोप आला की डॅकवर आवाज कमी केला तर आतले आकडे गळतात. माझ्या डोक्यातून काय काय गळतंय त्याचं कुणाला काही नाही.

अभिमन्यू म्हणाला, “आण्णा, एक करू. उजवीकडची वायर डावीकडं लावतो, डावीकडची उजवीकडं. डबा बिघडला असंल तर ‘मेलेलं’ डावीकडं जाईल. बरोबर?”

“व्हय.”

वायर बदलल्या. गाणं लावलं. विरेशनं डोळे मिटले. मग म्हणाला, “अजून उजवीकडंच हाय की.”

“मग स्पीकर.” अभिमन्यूनं ते दोन जड स्पीकर उचलून इकडचा तिकडं केला. घामानं निथळला बिचारा. गाणं लावलं.

“उजवीकडंच,” विरेश म्हणाला.

अभिमन्यू दोन्ही स्पीकरच्या तोंडाशी कान नेऊन आला. दोन्ही चालू होते. मला बसल्या जागी दोन्ही ऐकू येत होते. त्यानं राजेश्वरीकडं बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात होती, ती ट्रे घेऊन परत आत गेली. मला वाटलं, साखर विसरली. अभिमन्यू चपला शोधायला लागला. म्हटलं, चहा पिऊन जा रे. म्हणाला, “नको आजी, गाडी उन्हात हाय.” गाडी उन्हात आहे म्हणून चहा सोडणारा जेऊरचा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

भांडले वाटतं दोघं. एकेकाला सोडत चाललाय हा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कामाला गेला नाही. खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडं पाठ करून बसला, रुसलेल्या नवरीसारखा. गाणं चालू. मी पुढून गेले तर डोळे उघडे, समोरच्या भिंतीवर. हात गुडघ्यांवर. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, संपलं, तरी तसाच.

मग उठला आणि सगळं बंद केलं. त्या दिवसापासून घरात गाणं नाही.

(राजेश्वरी म्हणते, ‘त्या दिवसापासून’ नको, आजचंच आहे ना. असू दे. मला आतापासूनच तसं वाटतंय.)

८ डिसेंबर, रविवार

मधले दिवस सांगण्यासारखे नव्हते. विरेश आणि राजेश्वरी दोनदा कुठंतरी जाऊन आले. विचारलं तर म्हणे बँकेत. बँकेतून आलेल्या माणसाचं तोंड मला माहीत आहे. हे तसं नव्हतं.

त्याला शेडमधून काढून गोदामात टाकलंय. मी म्हटलं, बढती काय? राजेश्वरी म्हणाली, “व्हय, तसंच.” म्हटलं, मग पेढे कुठायत? तर पेनात शाई नाही म्हणून उठून गेली. हे बॉलपेन आहे.

एक चांगलं झालं. गुरुवारपासून तिनं जेवायला बसायच्या जागा बदलल्यात. मी विरेशच्या ह्या अंगाला बसायची, ती आता त्या अंगाला बसवते. काल मी सहज म्हटलं, भाकरी कडक झाली, दात असते तर बघितलं असतं तिच्याकडं. तर चटकन म्हणाला, “भिजवून खा की अव्वा दुधात.”

बोलला माझ्याशी. राग उतरायला लागलाय बहुतेक. रात्रभर मी त्याच एका वाक्याला कुरवाळत पडले.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज सांगायला नको वाटतंय. राजेश्वरी म्हणते सांगा, हलकं वाटेल. हलकं व्हायला अंगात काही उरलंय कुठं.

दुपारी विरेश कॉटवर पडला होता, भिंतीकडं तोंड करून, डाव्या कुशीवर. मी मनाशी ठरवलं होतं. मुलगा बोलत नाही तर आईनं वाकायचं, त्यात काय जातंय. कॉटच्या कडेला बसले. त्याच्या वरच्या कानाशी वाकून हळू म्हटलं, “विरू, चुकलं माझं. चार माणसांत तसं बोलायला नको होतं. म्हातारीच्या जिभेला हाड न्हाय, तुला म्हाईत हाय की. आता सोड बाबा.”

मी माझ्या नवऱ्याची कधी माफी मागितली नाही. देवासमोरसुद्धा मी मोघम बोलते.

त्यानं कूस बदलली नाही. डोळे उघडे होते, पापणी हलताना मला दिसली. जागा होता. ऐकून घेतलं आणि तसाच पडून राहिला.

मी उठून बाहेर आले. शेंगापोळी केली होती त्याच्यासाठी, ती तशीच झाकून ठेवली.

राजेश्वरी, हे लिही. मला होटगीला पोचव. भुवनेश्वरी, माझी मुलगी, तिथं असते, जावई रेल्वेत आहे, रेल्वेच्या खोल्या लहान असतात, पण बोलतात माणसं. मला इथं आता काही नको. ज्या घरात मुलगा आईचं ऐकून भिंतीकडं बघत राहतो, त्या घरात बसून बीपी मोजायचं ते कशाला. उद्याच्या गाडीनं

१८ डिसेंबर, बुधवार

काल राजेश्वरीनं पेन खाली ठेवलं. वाक्य अर्धंच राहिलंय, तसंच राहू दे.

विरेशचा उजवा कान गेलाय. पूर्ण. डावाही जायला लागलाय. मागांच्या आवाजानं. ते दोघं बँकेत नव्हे, कानाच्या डॉक्टरकडं जात होते. गेली काही वर्षं हळूहळू चाललं होतं आणि ह्याला पत्ता नव्हता. गुरप्पाच्या पेटीवर हा उजवीकडचा आवाज थोडा वाढवायचा, बारीक आवाज थोडा वाढवायचा. मग आणखी थोडा. ती दोन बटणं पार टोकाला जाऊन बसली आणि ह्याला वाटत राहिलं, सगळं जिथल्या तिथं आहे. मी फडकं मारून ती उभी करायची तेव्हा ह्याचं अर्धं जग बंद व्हायचं, म्हणून ओरडायचा.

डॅकला तसली बटणं नाहीत. मधली पेटी काढली आणि सगळं उघडं पडलं. ती पेटी इतकी वर्षं त्याच्याशी गोड खोटं बोलत होती. खोटं बोलणारं असं कुणीतरी घरात असावं लागतं.

मी राजेश्वरीला विचारलं, “मला का न्हाय सांगितलंस?”

म्हणाली, “त्यांनीच सांगितलं होतं, अव्वाला सांगू नको. कळलं तर ती माझी चेष्टा करायची थांबंल.”

मी भिंतीला टेकून बसले. काल मी जे बोलले ते मेलेल्या कानात बोलले. तो रुसला नव्हताच. एक दिवसही नाही. सव्वा महिना मी ज्या रागावर रडले तो राग कधी नव्हताच.

असता तर किती बरं झालं असतं. राग उतरतो.

५ जानेवारी, रविवार

कानात घालायचं यंत्र आणलंय, डाव्या कानाला, तोही महिन्याभरात फार उतरला. वाटाण्याएवढं. राजेश्वरी म्हणाली, त्यातही आत तसलाच डॅक असतो. घ्या. आता डबा थेट कानालाच जोडला, मधलं सगळं काढून.

त्यानं घातलं आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. अभिमन्यूही होता. विरेश म्हणाला, “आवाज येतोय, शब्द येत न्हाईत. पत्र्यावर गारा पडल्यागत.” पंखा ऐकू येतो, ताट पडलेलं ऐकू येतं. माणूस बोललं की गारा.

अभिमन्यूनं गुरप्पाची पेटी परत जोडली. बटणं पार टोकाला नेली. गाणं लावलं. विरेश बराच वेळ त्या निळ्या आकड्यांकडं बघत होता. गाणं कुठवर आलंय ते आकड्यांवरून ओळखायचं असल्यासारखा. मग अभिमन्यूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “घिऊन जा. तुझ्याकडं वाजंल तरी.”

त्यानं नेलं. रिक्षात स्पीकर मावेनात म्हणून एक मांडीवर घेऊन बसला. रडत होता मोठा माणूस. रिक्षावाल्याला वाटलं असेल, कुणी गेलं.

१२ जानेवारी, रविवार

आता घरात सगळे त्याला लिहून दाखवतात. राजेश्वरी मोबाईलवर लिहिते, तो वाचतो, उत्तर देतो. भुवनेश्वरी होटगीहून मेसेज करते. सावित्रम्माचा लहान नातूसुद्धा पाटीवर लिहून गेला, ‘काका गड्ड्याच्या जत्रेला येणार का?’ विरेश वाचून हसला.

घरातली एकटी मीच उरले. माझ्याजवळ फक्त आवाज होता.

डॉक्टर म्हणाला होता, ओठ बघून ओळखायची सवय करा. विरेश माझे ओठ बघतो. माझ्या तोंडात एक दात नाही. पिठाच्या गोळ्यासारखं तोंड, त्यातून काय उमटणार आणि हा काय वाचणार.

राजेश्वरी म्हणाली, “अत्ती, मी शिकवते तुमाला. नुस्तं नाव तरी.” तिनं माझा हात धरून ‘वि’ काढायला लावला. निघाला तो वाटोळा, शेपूट तुटलेला, कुणाचंच नाव नसल्यासारखा. तिनं पुन्हा धरला. पुन्हा तसाच. चौथ्यांदा मीच हात काढून घेतला. मी तिला म्हटलं, मला चिडायचं नाही तुझ्यावर, ठेव ती पेन्सिल.

१९ जानेवारी, रविवार

बीपी लिहू नको आज. मला माहीत आहे किती असेल.

विरेश इथंच बसलाय, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, पेरू कापतोय. मी त्याच्याबद्दल सांगतेय आणि तो ऐकत नाही. आधी मी हे सगळं स्वयंपाकघरात दार लोटून सांगायची. आता लोटत नाही. कुणापासून लपवायचं.

त्यानं पेरूची फोड बारीक करून, बी काढून माझ्या हातात दिली. विचारलं, “काय लिहून घेतेस अव्वा एवढं रोज?”

मी त्याच्याकडं तोंड करून, सावकाश म्हटलं, “विरू, तुला माझा आवाज आठवतोय का रे, का त्योबी गेला?”

तो माझ्या ओठांकडं बघत होता. मग मांडीवर थाप मारून हसला, मान मागं टाकून, अगदी पहिल्यासारखा. “अव्वाचं आपलं कायबी,” म्हणाला, आणि पुन्हा पेरू कापायला लागला. माझ्या तोंडातून चेष्टेशिवाय दुसरं काही निघत असेल असं त्याला वाटतच नाही.

राजेश्वरीनं मोबाईल उचलला, मी काय म्हटलं ते त्याला लिहून दाखवायला. मी तिचा हात धरला. राहू दे.

मग मीपण हसले, तोंड मोठं उघडून. त्याला दिसायला तर दिसतं.